दप्तर पाठीवर की कॅरिअरवर?

शाळा उघडायला आठ दिवस उरले की हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या बाजारात दुकानांच्या दारावर सॅकच्या माळा लटकू लागतात. मुलगा सॅकवरचे चित्र पाहतो, आई चेन दोनदा उघडून मिटून पाहते, वडील भाव करतात. शेवटी "थोडी मोठीच द्या, दोन-तीन वर्षे तरी जाईल" असे म्हणून वाढत्या अंगाची सॅक घरी येते. गणवेश वाढत्या अंगाचा घेतला तर फार तर बाह्या दुमडाव्या लागतात. सॅक वाढत्या अंगाची घेतली तर ती कमरेखाली लोंबते, चालताना मागे ओढते, आणि मोठी आहे म्हणून भरतही जाते. या सगळ्या खरेदीत एक गोष्ट मात्र कोणीच करत नाही. पुस्तके भरून ती सॅक मुलाच्या पाठीवर चढवून पाहत नाही.

रिक्षातून शाळेच्या फाटकाशी उतरणाऱ्या मुलाच्या पाठीवर दप्तर पाच-दहा मिनिटेच असते. आपल्या जिल्ह्यातल्या बऱ्याच मुलांचे तसे नाही. गावात सातवीपर्यंत किंवा आठवीपर्यंत शाळा असते, हायस्कूल पुढच्या गावी. कोणी आखाड्यावरून अर्धा तास पायी येतो, कोणी फाट्यापर्यंत चालत येऊन एस.टी.ची वाट पाहत उभा राहतो, कोणी सायकलवर येतो. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्यापासून सकाळी रस्त्याच्या कडेने सायकलवर शाळेला निघालेल्या मुलींची रांग हे नेहमीचे दृश्य झाले आहे, आणि ते पाहून बरे वाटते. पण नीट पाहिले तर त्यातल्या बहुतेकींच्या पाठीवर फुगलेले दप्तर असते आणि मागचे कॅरिअर रिकामे असते. आजच्या लेखाचा विषय तोच आहे. चालणाऱ्याची सॅक आणि सायकल चालवणाऱ्याचे ओझे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि एकाच सॅकमधून दोन्ही साधायचे असेल तर ती विचार करून घ्यावी लागते.

ओझे नेण्याच्या सात तऱ्हा

ओझे कसे नेले तर कमी जड जाते, या प्रश्नाचे उत्तर दत्ता आणि रामनाथन या भारतीय संशोधकांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात मिळते. त्यांनी काही माणसांना ३० किलोचे ओझे सपाट जागेवर एकाच वेगाने न्यायला लावले आणि शरीराला किती प्राणवायू लागतो हे मोजले. ओझे तेच, अंतर तेच. फक्त नेण्याची तऱ्हा बदलायची. सर्वांत कमी श्रम पडले ते निम्मे ओझे छातीवर आणि निम्मे पाठीवर वाटून घेतले तेव्हा. त्याला १०० धरले तर डोक्यावरच्या ओझ्याला १०३, पाठीवरच्या सॅकला १११, कपाळावर पट्टा घेऊन पाठीवर टाकलेल्या ओझ्याला ११४, पाठीवर हातांनी धरलेल्या पोत्याला १२३, कावडीला १२९ आणि दोन्ही हातांत धरलेल्या ओझ्याला १४४ असा हिशेब निघाला.

हे आकडे प्रौढ पुरुषांचे आणि ३० किलोचे आहेत, दप्तराचे नाहीत. तरी त्यामागचे कारण सर्वांना सारखेच लागू आहे. ओझे शरीराच्या मध्यरेषेच्या जितके जवळ, तितके ते कमी छळते. पाण्याने भरलेली कळशी कडेवर घेतली तर बाई सहज चालते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगितले तर चार पावलांत हात भरून येईल. आपल्याकडच्या बायकांनी डोक्यावर चुंबळ ठेवून त्यावर घागर घेण्याची जी रीत पाडली ती काही अडाणीपणाची नव्हती. घागरीचे वजन मान आणि पाठीच्या कण्यावरून सरळ खाली उतरते, पुढे-मागे ओढत नाही. (याचा अर्थ मुलींनी डोक्यावर घागरी वाहाव्यात असा नाही. श्रम कमी म्हणजे मानेला त्रास नाही असे नव्हे.)

आता लोंबणाऱ्या सॅककडे पाहा. पट्टे सैल सोडले की सॅकचा वरचा भाग पाठीपासून सुटतो आणि जड पुस्तके वीतभर मागे जातात. मागे पडू नये म्हणून मूल कमरेतून पुढे वाकते, आणि पुढे पाहता यावे म्हणून मान वर करते. ही कसरत शाळेला पोचेपर्यंत चालते. मानेचे आणि पाठीचे स्नायू सारखे ताणलेले राहतात आणि संध्याकाळी मूल "खांदे दुखतात" म्हणते. दोन्ही पट्टे आखडून सॅक पाठीला चिकटवली तर तेवढेच वजन बरेच हलके वाटते. याला एक पैसाही लागत नाही.

दप्तराने पाठीला बाक येतो का?

दवाखान्यात येणारे पालक हा प्रश्न हमखास विचारतात. या बाबतीत भीतीही घालू नये आणि दुर्लक्षही करू नये. दप्तराच्या वजनाने पाठीचा कणा कायमचा वाकडा होतो असे दिसून आलेले नाही. कणा बाजूला वळण्याचा जो विकार वाढत्या वयात, विशेषतः मुलींमध्ये, दिसतो त्याची कारणे वेगळी आहेत. इतकेच नव्हे, तर २०१८ साली क्रीडावैद्यकाच्या एका ब्रिटिश नियतकालिकात अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. दप्तराचे वजन किंवा ते नेण्याची पद्धत यांमुळे मुलांच्या पाठदुखीचा धोका वाढतो असे म्हणायला खात्रीलायक पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

मग एवढी चर्चा कशाला? कारण पाठदुखीचा कायमचा आजार जडणे आणि रोज दमणे या वेगळ्या गोष्टी आहेत. जड दप्तराने मूल थकते, त्याची चाल बदलते, पट्टे रुततात, आणि तोल जाऊन ते पडू शकते. अरुंद पट्टा खांद्याच्या पुढच्या बाजूला सतत दाबला गेला तर हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंवर दाब पडून बोटांना मुंग्या येतात. पाठीवर मोठे ओझे घेऊन लांब चालणाऱ्या सैनिकांमध्ये यातूनच हात उचलता न येण्याइतकी कमजोरी आल्याची उदाहरणे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहेत. मुलांच्या ओझ्याने असे क्वचितच होईल. परंतु मुंग्या येणे ही सूचना आहे आणि तिच्याकडे लक्ष द्यावे.

याची एक दुसरी बाजूही आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. मुलाची पाठ दुखते म्हटले की सगळा दोष दप्तरावर टाकून घरचे मोकळे होतात. तेल चोळले जाते, दोन दिवस शाळा बुडते, महिना निघून जातो. पण दप्तर उतरवल्यावर आणि रात्रभर झोपल्यावरही जी पाठदुखी थांबत नाही ती दप्तराची नव्हे. रात्री दुखण्याने मूल जागे होत असेल, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल, मणक्याच्या एकाच ठिकाणी दाबले की दुखत असेल, तर मणक्याच्या क्षयरोगाची शंका घेतलीच पाहिजे. आपल्या देशात हा आजार दुर्मिळ नाही. वेळेवर ओळखला तर औषधांनी बरा होतो, आणि क्षयरोगाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. उशीर झाला तर मात्र पाठीला खरोखर पोक येते, पायांतली शक्ती जाऊ शकते. पाय लुळे वाटणे, चालताना अडखळणे किंवा लघवीवर ताबा न राहणे असे काही दिसले तर दिवसही न दवडता मोठ्या रुग्णालयात जावे. मूल पुढे वाकले असता पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसत असेल तर तेही डॉक्टरांना दाखवावे. त्यासाठी दप्तर बदलून भागणार नाही.

किती वजन?

दप्तराच्या ओझ्याची ओरड नवी नाही. कादंबरीकार आर. के. नारायण यांनी १९८९ साली राज्यसभेतल्या आपल्या पहिल्या भाषणात हाच विषय मांडला होता. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने १९९३ मध्ये अहवाल दिला. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, आणि २०१५ मध्ये राज्य शासनाने दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असे ठरवून दिले. तरीही २०१६ साली चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांना पत्रकार परिषद घेऊन आपले दप्तर किती जड आहे ते सांगावे लागले. मोठ्यांनी वीस-पंचवीस वर्षांत जे केले नाही ते त्या पोरांनी एका दुपारी केले, असे म्हणायला हरकत नाही.

केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात इयत्तावार मर्यादा दिलेल्या आहेत. पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५, सहावी-सातवीला २ ते ३, आठवीला २.५ ते ४, नववी-दहावीला २.५ ते ४.५ आणि अकरावी-बारावीला ३.५ ते ५ किलो. बालवाडीला दप्तरच नको. दहा टक्क्यांचा नियम म्हणजे काही निसर्गाची रेषा नव्हे. तो एक सोयीचा अंदाज आहे, पण वापरायला सोपा आहे. मात्र आधी मुलाचे वजन करावे. आठवीतली मुलगी ३२ किलोची असेल तर तिचे दप्तर सव्वातीन किलोच्या आत हवे, तक्त्यात ४ लिहिले असले तरी. अंगाने बारीक मुले आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून इयत्तेपेक्षा वजनाकडे पाहावे हे बरे.

आता हिशेब करून पाहू. दोनशे पानी वही साधारण पाव किलोची. अशा सहा वह्या म्हणजे दीड किलो. पुस्तके सव्वा किलो धरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. जेवणाचा डबा अर्धा किलो. आणि जाड रेक्झिनची, चार कप्प्यांची, रिकामी सॅकच पाऊण किलो. झाले पाच किलो. सव्वातीनची मर्यादा असलेल्या मुलीच्या पाठीवर पाच! ओळखीच्या किराणा दुकानात काट्यावर एकदा दप्तर ठेवून पाहावे. दुकानदार हसेल, पण वजन करू देईल.

कमी करायला वाव कुठे आहे? बालभारतीने २०२३ पासून पुस्तकाचे भाग पाडून त्यात वहीची कोरी पाने जोडण्याचा प्रयोग केला होता. मुलांनी वेगळ्या वह्या आणायच्या राहिल्याच, अशा तक्रारी आल्या आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. तेव्हा आता भिस्त वेळापत्रकावर. रात्री झोपण्यापूर्वी उद्याच्या तासांपुरतेच दप्तर भरायचे, ही सवय आईवडिलांनी पहिले पंधरा दिवस जवळ बसून लावावी. दोनशे पानी वहीऐवजी शंभर पानी घ्यावी. ती लवकर संपते, तेव्हा नवी घेता येते. आठवीपर्यंत शासकीय आणि अनुदानित शाळांत दुपारचा आहार मिळतो, तिथे जड स्टीलच्या डब्याची गरज नसते. पाण्याचे मात्र जपून ठरवावे. शाळेत स्वच्छ पाणी असेल तर जवळच्या मुलाने रिकामी बाटली न्यावी आणि तिथे भरावी. पण मार्चच्या उन्हात दोन कोस सायकल मारणाऱ्या मुलाला ओझे कमी करण्यासाठी बिनपाण्याचे पाठवू नये. पाणी जाऊ द्या, एखादी वही काढा.

दुकानात काय पाहावे

सॅक घ्यायला जाताना रोजची वह्या-पुस्तके पिशवीत घालून सोबत न्यावीत आणि मुलालाही न्यावे. पुस्तके सॅकमध्ये भरून ती पाठीवर चढवून मुलाला दुकानाबाहेर शंभर पावले चालवावे. सॅकची वरची कड मानेच्या मुळापेक्षा वर येऊ नये, नाहीतर मागे वळून पाहताना डोके अडते. खालची कड कमरेच्या खाली चार बोटांपेक्षा जास्त उतरू नये. रुंदी मुलाच्या पाठीइतकीच. बाजूने पाहिले तर पाठ आणि सॅक यांत हात जाईल एवढी फट दिसू नये.

पट्टे किमान दोन इंच रुंद आणि फोम भरलेले हवेत. नुसती नायलॉनची अरुंद पट्टी खांद्यात रुतते. पट्टे लहान-मोठे करण्याचे बक्कल ओढून पाहावे. स्वस्त सॅकमध्ये हे बक्कल चार दिवसांत घसरू लागते आणि सॅक आपोआप लोंबते. छातीवर दोन्ही पट्ट्यांना जोडणारी आडवी पट्टी असली तर उत्तम, तिने पट्टे खांद्यावरून ओघळत नाहीत. कमरेची पट्टी मोठ्या सॅकला कामाची, कारण ती थोडे वजन कमरेच्या हाडांवर उतरवते. लहान मुलांच्या सॅकला ती असली तर फक्त सॅक हलू न देण्याच्या उपयोगाची. पाठीच्या बाजूला पातळ फोम असावा, म्हणजे कंपासपेटीचा कोपरा टोचत नाही. आणि कप्पे? दोन पुरे. जितके कप्पे जास्त तितकी सॅक रिकामीच जड, आणि जुने कागद, तुटलेले पेन, मागच्या महिन्याची चिंचेची बुटके त्यांतच सापडतात.

भरताना सर्वांत जड पुस्तक पाठीला लागून ठेवावे, हलक्या वस्तू बाहेरच्या कप्प्यात. पाण्याची बाटली एका बाजूला असेल तर दुसऱ्या बाजूला डबा. सॅक उचलताना ती आधी ओट्यावर किंवा बाकावर ठेवून मग एक-एक पट्टा चढवावा. जमिनीवरून एका हाताने झटका देऊन खांद्यावर फेकू नये. दोन्ही पट्टे घालायचे, हे मोठ्या मुलांना पटत नाही. एका खांद्यावर सॅक टाकण्यात त्यांना ऐट वाटते. एका खांद्यावर घेतले की तो खांदा वर उचलला जातो आणि अंग दुसरीकडे झुकते. कॉलेजात एके काळी शबनम पिशवीची ऐट होती. तिच्यात एक वही आणि एक कवितासंग्रह असेपर्यंत बिघडत नव्हते. पाच किलो घालून तीच पिशवी खांद्यावर घेतली तर काय होईल ते सांगायला नको. चाकांची ट्रॉली-बॅग आपल्या रस्त्यांवर आणि शाळेच्या पायऱ्यांवर उपयोगाची नाही, आणि दप्तर धोरणानेही ती नको म्हटले आहे.

सायकलवर मात्र

चालताना ओझे पाठीला चिकटलेले हवे, हे आतापर्यंत सांगितले. सायकलवर बसले की हिशेब बदलतो. आता अंगाचे वजन पायांवर नाही, सीटवर आहे. पाठीवरचे पाच किलो कण्यावरून थेट सीटवर उतरतात, आणि खड्ड्यात चाक आदळले की तो धक्काही त्याच मार्गाने वर येतो. हँडल धरायला पुढे झुकल्यामुळे पट्टे खांद्यांना मागे ओढतात आणि हात पुढे ताणलेले असतात. ओझे उंचावर असल्याने वळताना आणि एकदम ब्रेक लावताना तोल जातो. मागून उसाची ट्रॉली येते आहे का हे पाहायला मान वळवावी तर सॅक आड येते. पाठीला वारा लागत नाही, सदरा घामाने भिजतो. उन्हाळ्यात तर पाठीवर घामोळ्या हमखास.

तेच दप्तर कॅरिअरवर बांधले की ओझे चाकांनी उचलले. पायडल मारायला लागणारी ताकद दोन्हीकडे जवळजवळ सारखीच, कारण एकूण वजन तेच आहे. पण पाठ, मान आणि खांदे मोकळे होतात, आणि वजन खाली आल्यामुळे सायकल स्थिर राहते. पंढरीच्या वाटेवर रोज मैलोन्‌मैल चालणारा वारकरी आपले गाठोडे दिंडीच्या ट्रकात टाकतो आणि हातात टाळ घेऊन मोकळा चालतो. ज्याला लांब जायचे आहे त्याला हे शहाणपण आपोआप येते. आपल्या मुलांना दिलेल्या सायकलीला कॅरिअर असून ते रिकामे का, याचे कारण विचारले तर दोनच उत्तरे मिळतात. "दप्तर पडते" आणि "बांधायला काही नाही".

यावर उपाय सायकलच्या दुकानात मिळतो. जुन्या ट्यूबची लांब पट्टी कापून घ्यावी आणि दोन टोकांना तारेचे आकडे लावून घ्यावेत. दुकानदार बहुधा त्याचे पैसेही घेत नाही. दप्तर कॅरिअरवर उभे न ठेवता आडवे ठेवावे, पाठीची बाजू खाली आणि खांद्याचे पट्टे दप्तराखाली दाबून. ट्यूबची पट्टी एकदा लांबीतून आणि एकदा रुंदीतून घ्यावी. कॅरिअरच्या क्लिपवर एकट्यावर विसंबू नये. बांधून झाल्यावर दप्तर हलवून पाहावे आणि एकही पट्टा खाली लोंबत नाही ना, हे बघावे. लोंबता पट्टा मागच्या चाकाच्या आऱ्यांत किंवा चेनमध्ये अडकला तर सायकल जागीच थांबते आणि स्वार पुढे जातो. मुलींच्या ओढणीचेही तेच. ओढणी पाठीमागे न सोडता कमरेला गाठ मारून बांधावी. म्हणून सॅक घेतानाच पट्ट्यांची जादा टोके फार लांब नाहीत ना, हे पाहावे. असली तर तेवढी दुमडून टाके घालून घ्यावेत.

हँडलला दप्तर लटकवणे ही सर्वांत वाईट तऱ्हा. एका बाजूला ओझे झोके घेत असते, हँडल तिकडे ओढले जाते, पिशवी गुडघ्याला लागते, ब्रेकच्या दांडीत अडकते, पुढच्या चाकात जाते. पुढची जाळी असेल तर तिच्यात डबा किंवा एखादी वही ठेवावी, सगळे दप्तर नाही. पुढे फार वजन झाले की हँडल वळवताना जड लागते.

दोघी बहिणी एका सायकलवर असतील तर? हा प्रश्न आपल्याकडे खराच आहे. चालवणारीच्या पाठीवर काहीही नको. तिच्या दप्तरातले जेवढे मावेल तेवढे पुढच्या जाळीत घालावे, बाकीचे मागे बसणारीने आपल्या दप्तरासोबत मांडीवर घ्यावे. पाठीवर घेऊन कॅरिअरवर बसले की मागे झोक जातो. आणि बसणारीचे पाय चाकापासून दूर हवेत. टाच आऱ्यांत जाऊन होणारी जखम फार वाईट असते आणि भरायला महिने लागतात. मागच्या चाकाला जाळी बसवून घेतली तर पट्टा, ओढणी आणि टाच या तिन्हींचे काम होते.

मुलांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना रेंजर सायकल हवी असते आणि तिला कॅरिअर नसते, मडगार्डही बहुधा नसते. हँडल सरळ आणि खाली असल्याने मूल जास्त वाकते आणि सगळे दप्तर पाठीवर. माझे स्पष्ट मत असे की शाळेला न्यायच्या सायकलला कॅरिअर हवेच. रेंजरलाही ते बसवून मिळते. मुलगा चार दिवस रुसेल. तोवर पाठीवर न्यावेच लागले तर पट्टे आखडून, छातीची पट्टी लावून, सॅक खांद्यांच्या वर येणार नाही अशी घ्यावी आणि वजन निम्मे करावे.

पाऊस, काळोख आणि मोठी माणसे

सॅकचे कापड भिजले की पाणी धरते आणि दप्तर आणखी जड होते, वह्या फुगतात त्या वेगळ्या. सॅकवर मोठी प्लास्टिकची पिशवी चढवावी किंवा आतूनच वह्या-पुस्तके पिशवीत घालावीत. शेतातून आलेली कोणतीही पिशवी मात्र यासाठी वापरू नये. फवारणीच्या औषधाची पिशवी कितीही धुतली तरी दप्तराला आणि विशेषतः डब्याला लागू देऊ नये. मुलांच्या पोटात असे विष जाण्याचा धोका नको. पाठीवर सॅक आणि त्यावर रेनकोट घातला की मागून येणाऱ्याला अंगाचा आकारच कळत नाही. यासाठी रेनकोटच्या आणि सॅकच्या मागे रेडियमची पट्टी शिवून किंवा चिकटवून घ्यावी. शिकवणीहून संध्याकाळी परतणाऱ्या मुलांना याची फार गरज आहे, कारण दुकानात बहुतेक सॅक काळ्या किंवा गडद निळ्या रंगाच्याच असतात. दप्तर कॅरिअरवर बांधले की ते मडगार्डवरच्या लाल काचेला झाकत नाही ना, हेही पाहावे.

मोठ्या माणसांचे थोडक्यात. रोज मोटारसायकलवर पाठीला सॅक लावून जाणारे शिक्षक, बँकेतले कर्मचारी, औषध कंपन्यांचे प्रतिनिधी संध्याकाळी मान आखडल्याची तक्रार करतात. गाडीवर बसल्यावर पट्टे थोडे सैल करून सॅकचा तळ मागच्या सीटवर टेकवावा, वजन सीटने घ्यावे. उतरून चालायला लागलात की पट्टे पुन्हा आखडावेत. स्कूटीवाल्यांनी पायापाशी जागा असेल तर तिथे ठेवावी, पण पाय ब्रेकपर्यंत मोकळा हवा. लॅपटॉप सॅकमध्ये पाठीला लागून ठेवावा. पोट आणि कंबर यांचे व्यायाम करणाऱ्याला सॅक कमी छळते, हेही खरे. तो विषय मोठा आहे, पुन्हा कधी तरी.

सॅक घरी आल्यावर पहिल्याच दिवशी खांद्याचे पट्टे जिथे वरून शिवलेले असतात तिथली शिवण पाहावी. बहुतेक सॅक तिथेच उसवतात, आणि एक पट्टा तुटला की मूल महिनाभर दुसऱ्या खांद्यावरच ओझे वाहते. घरच्यांच्या लक्षातही येत नाही. नवी असतानाच मोच्याकडे नेऊन तिथे जाड दोऱ्याचा दुहेरी टाका मारून घ्यावा. तळालाही चामड्याचा किंवा रेक्झिनचा तुकडा लावता येतो. दर पंधरा दिवसांनी रविवारी सॅक पूर्ण रिकामी करून झटकावी, आतला कचरा काढावा, महिन्यातून एकदा धुऊन सावलीत उलटी टांगावी. ओल राहिली तर आत बुरशी धरते आणि ज्या मुलांना शिंकांचा किंवा दम्याचा त्रास आहे त्यांना ती सोसत नाही.